प्रसूतीची विश्रांती आणि उचलीचा अंगठा

दसरा जवळ आला की परांडा तालुक्यात मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. सोनारीत साखर कारखाना उभा राहिला खरा. परंतु भूम-परांड्याच्या या कोरडवाहू टापूतील अनेक कुटुंबांना हंगामापुरते घर बंद करून परमुलखात ऊस तोडावयास जावे लागतेच. उचल घेतली जाते ती जोडप्याच्या नावावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या स्त्रीच्या उदरी मूल आहे काय, हे मुकादम विचारीत नाही, कारखानदार विचारीत नाही, आणि लिहावयास लाज वाटते, पुष्कळदा तिचा नवराही विचारीत नाही.

काम चुकले की खाडा कापला जातो. म्हणून दिवस भरत आले तरी ती डोक्यावर मोळ्या वाहते, कोपीत बाळंत होते आणि ओली बाळंतीण पुन्हा फडात उभी राहते. गावच्या अंगणवाडीत तिचे नाव असते, पण ती तेथे नसते. खाड्याचे हे भय कोठवर जाते? शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूतिसाहाय्याच्या बिलास बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेस विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. तो भार मुख्यतः सरकारचा, तथापि तिच्या श्रमाचा लाभ घेणारा मालकही त्यातून सुटू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा राजरत्न दोनच वर्षांपूर्वी गेला होता. रमाईच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. १९२९ साली मुंबई इलाख्यात कायदा झाला, १९६१ साली देशाचा झाला, २०१७ साली रजा २६ आठवड्यांची झाली. फडापर्यंत मात्र ती पोचली नाही. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. मग तिचा मालक कोण?

हा लढा मोठा आहे आणि तो लढावाच लागेल. तोवर हाती आहे ते तरी सोडू नये. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या अनुसूचित जातीच्या ग्रामीण स्त्रीस जननी सुरक्षा योजनेचे ७०० रुपये आहेत, पहिल्या अपत्यास मातृवंदना योजनेचे ५,००० आहेत. रक्कम तुटपुंजी, हे खरे. पण बौद्ध झालात म्हणून हक्क गेला, असे सांगणाऱ्या कारकुनास १९९० ची दुरुस्ती दाखवावी. तिने बौद्धांनाही अनुसूचित जातीत धरले आहे.

ज्या घरी सून गरोदर आहे, त्या घराने यंदा अर्ध्या कोयत्याचीच उचल घ्यावी. ज्यास तेही परवडत नाही, त्याने माता-बाल कार्ड बरोबर न्यावे, पहिल्याच आठवड्यात फडाजवळच्या अंगणवाडीत तिचे नाव घालावे, आणि बाळंतपणाचा खाडा कापू नये ही अट चारचौघांसमक्ष मुकादमास घालावी, अंगठा उमटण्यापूर्वी.