कान्होजी ‘चाचे’ कसे ठरले?

#थ्रेड

देहूरोडजवळ किवळ्याला द्रुतगती मार्ग लागतो. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतले कंटेनर तेथून घाट उतरून न्हावाशेव्याकडे जातात. प्रत्येकासोबत कागदांची चळत असते. समुद्रावर असा कागद मागण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर कोकण किनाऱ्याने शतकानुशतके रक्त सांडले आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात ‘कार्ताझ’ हा परवाना लादला. त्याची फी किरकोळ असे; खरी मेख निराळीच होती. जहाजाने पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरलीच पाहिजे. परवाना नसेल तर जहाज मालासकट जप्त!

१६०३ मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. डच कप्तानाकडे अशा हल्ल्याचा स्पष्ट हुकूम नव्हता. तरीही डच ईस्ट इंडिया कंपनीसाठी ह्यूगो ग्रोटियसने त्या लुटीचे समर्थन लिहिले. त्यातलेच एक प्रकरण १६०९ मध्ये ‘मारे लिबेरुम’ म्हणून प्रसिद्ध झाले : समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही, तो सर्वांना खुला आहे. सागरी कायद्याचा पाया म्हणून या पुस्तकाचा गौरव होतो. पायात लुटीचा माल भरला आहे, हे मात्र हळू आवाजात सांगितले जाते.

आता कान्होजी आंग्रे यांच्याकडे पाहावे. ते मराठ्यांचे सरखेल. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घ्यावा, एवढीच त्यांची मागणी. पोर्तुगीज दोन शतके हेच करीत आले होते. इंग्रजही स्वतःचे परवाने देत. शिवाय हिंदी व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जाऊ लागला, तेव्हा त्याला सूट का द्यावी, असा सरखेलांचा रोकडा सवाल होता. मुंबईकर इंग्रजांनी त्याला उत्तर दिले ते ‘चाचा’ या शिवीने आणि तोफांनी. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले.

कान्होजींनी जहाजे पकडली, कैद्यांसाठी खंडणी घेतली. ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु चाचेगिरीची कसोटी कृत्यात नसून अधिकारात असते. १९८२ च्या सागरी कायदा कराराचे कलम १०१ ‘खाजगी हेतू’ ही अट घालते. ती व्याख्या फार नंतरची खरी. पण राजाची सनद असलेला तो चाचा नव्हे, हा भेद युरोप तेव्हाही मानीत होता. सरखेलीमागे छत्रपतींची सत्ता होती. ‘सांता कातारिना’ पकडणाऱ्याला कायदेपंडित लाभला, सरखेलांच्या वाट्याला शत्रूचे दप्तर आले.

भारतीय नौदलाने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या तळाला ‘आयएनएस आंग्रे’ हे नाव दिले. इंग्रजीतील लोकप्रिय पुस्तकांत मात्र कान्होजी अजून चाच्यांच्या यादीत सापडतात.