आधी हात वाचवा, मग गार्ड ओलांडा



सध्या पोस्टिंग रायपूरला आहे. एनसीसीच्या पोरांना शिकवायचं काम, आणि भाड्याची खोली समता कॉलनीत. शेजारच्या चौबे कॉलनीत मराठी घरं बरीच असल्यामुळे कानावर मराठी पडत राहतं. सकाळी परेड, मग पोहे-जलेबी, दिवसभर कागदपत्रं. संध्याकाळी मात्र तासभर मॅटवर जातो. एका हॉलमध्ये आठ-दहा पोरं ब्राझिलियन जिउ-जित्सू खेळतात. मी गेल्या पोस्टिंगला शिकायला सुरुवात केली होती, इथं ती पुढं चालू आहे. पोरं मला 'उस्ताद' म्हणतात. आपल्या तालमीतला वस्ताद आणि फौजेतला उस्ताद हा शब्द एकच, म्हणून ऐकायला बरं वाटतं.

आता भांडणाचा विषय. मागच्या आठवड्यात मी आमच्या जुन्या पलटणीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. एक पोरगा दुसऱ्याचा गार्ड ओलांडायला शिकतोय, हळूहळू, कोपरं अंगाशी धरून. लगेच दोन उत्तरं आली. पहिलं आमच्या एका रिटायर्ड सुभेदार साहेबांचं: "पाठीवर पडलेल्या माणसाला एवढं घाबरायचं? आम्ही असतो तर सरळ छातीवर बसलो असतो." दुसरं एका बॅचमेटचं: "जवान कधी हात आपटत नाही." त्यावर पन्नास अंगठे.

साहेबांबद्दल आदर आहे, बॅचमेट तर भावासारखा. पण ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, आणि नुसती चुकीची नाहीत, पोरांचे हात मोडणारी आहेत. म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आधी गार्ड म्हणजे काय ते. आपल्या लोकांना गार्ड म्हटलं की क्वार्टर गार्ड आठवतो. इथं अर्थ वेगळा. एक माणूस पाठीवर आहे, पण त्याचे दोन्ही पाय तुमच्या आणि त्याच्या मध्ये आहेत. कधी कमरेला विळखा घातलेला, कधी पावलं तुमच्या कमरेवर टेकवलेली. ते पाय ओलांडून बाजूला किंवा छातीवर पोहोचणं म्हणजे गार्ड पास करणं. स्पर्धेत त्याचे 3 गुण मिळतात, तेही तिथं 3 सेकंद टिकलात तर. पण खालच्यानं तुमचा हात किंवा गळा पकडला आणि तुम्ही हात आपटला, तर लढत तिथंच संपते. तुमच्या खात्यात कितीही गुण असोत, उपयोग शून्य.

साहेबांची चूक कुठून येते ते मला माहीत आहे, कारण मीही त्याच लाल मातीतून आलो. कुस्तीत पाठ लागली की विषय संपला. दोन्ही खांदे टेकले, चीतपट, हलगी वाजली, नारळ घेऊन घरी. त्यामुळे पाठीवरचा माणूस म्हणजे हरलेला माणूस, हे आपल्या हाडात भिनलंय. शिवाय कुस्तीत सांधे उलटे वाकवायला आणि गळा आवळायला मनाई. म्हणून आपण बेधडक हात पुढं टाकतो, डोकं खाली घालून घुसतो. त्या नियमात ते बरोबरच आहे. पण नियम बदलला की धोकाही बदलतो. आपल्याच जुन्या मल्लविद्येत चार प्रकार सांगतात: हनुमंती, भीमसेनी, जांबुवंती आणि जरासंधी. भीमसेनी ताकदीची. जांबुवंती पकडीत अडकवून शरण आणणारी, जरासंधी तर हातपाय मोडणारी. म्हणजे खालून हात धरणारा माणूस हा परदेशी चाळा नाही. आपण फक्त त्याला विसरलो.

ज्यांना पुरावा हवा त्यांनी 1994 सालची एक लढत आठवावी. डिसेंबर महिना, अमेरिकेत टल्सा शहरात यूएफसीची चौथी स्पर्धा, फायनल. एका बाजूला डॅन सेव्हर्न, नावाजलेला कुस्तीगीर, वजन शंभर किलोच्या बरंच वर. दुसऱ्या बाजूला रॉयस ग्रेसी, ऐंशीच्या आसपास. सेव्हर्ननं त्याला खाली घेतला आणि पंधरा मिनिटं वर राहिला. साहेबांच्या हिशोबानं कुस्ती पहिल्याच मिनिटाला निकाली. पण शेवटी खालून रॉयसच्या पायांचा त्रिकोण सेव्हर्नच्या मानेभोवती बसला आणि हात आपटावा लागला तो वरच्याला. वर असणं आणि सुरक्षित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या रात्री जगाला कळलं. आपल्या ग्रुपवर अजून कळायचंय.

आता वरचा माणूस फसतो कसा? मी मॅटवर रोज बघतो, चुका फिरून फिरून त्याच.

पहिली: हात जमिनीवर टेकवणं. तोल जातोय असं वाटलं की आपोआप हात मॅटवर जातो. खालचा मनगट धरतो, दुसरा हात तुमच्या दंडावरून फिरवून कुलूप लावतो आणि खांदा पाठीमागं पिळतो. याला किमुरा म्हणतात. उपाय साधा: हात मॅटवर नाही. तो त्याच्या छातीवर, कमरेवर, नाहीतर स्वतःच्या मांडीवर.

दुसरी: एक हात आत, एक बाहेर. त्रिकोणाला नेमकं हेच हवं असतं, तुमची मान आणि एकच हात त्याच्या पायांच्या मध्ये. म्हणून दोन्ही हात आत, नाहीतर दोन्ही बाहेर. एक पाय खांद्यावर घेऊन पास करायचाच असेल तर खांदा घट्ट दाबून, छाती वर, नजर वर, आणि दुसऱ्या हाताचं कोपर त्याच्या मांडीच्या आत घसरू न देता.

तिसरी: कोपर लांब सोडणं. कोपर तुमच्या बरगड्यांपासून सुटून त्याच्या छातीकडं गेलं की तो कंबर उचलतो, पाय तुमच्या तोंडावरून टाकतो आणि हात सरळ होतो. मग ताकद कितीही असो, एका कोपराविरुद्ध त्याची पूर्ण कंबर असते.

चौथी: डोकं खाली घालून घुसणं. मान त्याच्या काखेत जाते आणि गळा आवळला जातो. पाठ ताठ, डोकं वर ठेवा. तरीही मान अडकलीच तर जिकडं डोकं आहे त्याच्या उलट बाजूला अंग न्या, खांदा त्याच्या गळ्यावर दाबा. घाबरून मान मागं ओढू नका, ती आणखी आवळते.

यात भित्रेपणा कुठं आहे? काश्मीरमध्ये ज्यांनी रोड ओपनिंग केलंय त्यांना विचारतो. रोज पहाटे तुम्ही तोच रस्ता पायी तपासत होता. कल्व्हर्टखाली वाकून बघत होता, माती उकरलेली दिसली की थांबत होता. गाडी सरळ पळवली असती तर पंधरा मिनिटांत पोहोचली असती. तेव्हा कोणी तुम्हाला भित्रे म्हटलं का? फायर अँड मूव्ह शिकवताना काय सांगतात? एक हलतो तेव्हा दुसरा कव्हर देतो. गार्ड पास करणं तेच आहे. एक हात हलतो तेव्हा दुसऱ्या हातानं त्याचा पाय किंवा कंबर धरलेली असते. दोन्ही हात एकदम सोडून धावणाऱ्याला आपण सेक्शन अटॅकमध्ये शाबासकी देत नाही, मग मॅटवर का द्यायची?

समोरून एक मुद्दा येईल आणि तो खरा आहे, म्हणून टाळत नाही. 'खऱ्या झटापटीत वेळ नसतो. 2020 मध्ये गलवानला कुणी कोपरं मोजत बसलं नव्हतं.' मान्य. त्या वीस जणांना सलाम करूनच हे लिहितोय. अंधारात, दगड-काठ्यांमध्ये जमिनीवर लोळायला जाऊ नये, हेही मान्य. पण त्यातून निष्कर्ष उलटा निघतो. विचार करायला वेळ मिळणार नसेल तर त्या क्षणी शरीर तेच करणार जे हजार वेळा केलंय. हात पुढं टाकायची सवय असेल तर हात पुढं जाईल. कोपर अंगाशी ठेवायची सवय असेल तर कोपर अंगाशी राहील. सावकाश शिकायचं ते पुढं सावकाश लढण्यासाठी नव्हे.

आता दुसरं वाक्य. 'जवान हात आपटत नाही.'

1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियमवर हेलियो ग्रेसी विरुद्ध जपानचा जुदोका मासाहिको किमुरा अशी लढत झाली. किमुरानं हेलियोचा हात पिळला. हेलियोनं हात आपटला नाही, शेवटी त्याच्या बाजूच्या लोकांनी लढत थांबवली. ही गोष्ट सगळे शौर्याची म्हणून सांगतात. मी पुढचा भाग सांगतो. ब्राझीलच्या लोकांनी त्या पकडीला हरवणाऱ्याचंच नाव दिलं, किमुरा. ज्यानं आपल्याला हरवलं त्याचा डाव रोज शिकायचा आणि त्यातून सुटायचाही. हात मोडून घेणं सोपं आहे. नाव देऊन शिकणं अवघड.

आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही. इथलाच एक पोरगा, नाव लिहीत नाही. भरतीची तयारी करत होता, धावण्यात पहिला, पुशअपला थकायचा नाही. एका संध्याकाळी गार्ड पास करताना त्याचा हात सापडला. कोपर सरळ व्हायला लागलं. मी बाजूला उभा होतो. आणि मी ओरडलो, "छोड़ना मत! दम लगा!"

त्यानं सोडलं नाही. उस्तादानं सांगितलं होतं.

आवाज आला तो अजून कानात आहे. तीन महिने उपचार झाले, तरी हात पूर्ण सरळ होत नाही. मेडिकलला डॉक्टरनं दोन्ही हात समोर धरायला लावले, बघितलं आणि कागदावर लिहिलं. पोरगा परत आला तेव्हा रडला नाही. उलट मलाच म्हणाला, "कोई बात नहीं उस्ताद, टैप तो नहीं किया." त्या वाक्यानं मला जेवढं लागलं तेवढं त्याच्या कोपराला लागलं नसेल. कारण ते वाक्य त्याचं नव्हतं. माझं होतं, साहेबांचं होतं, ग्रुपवरच्या पन्नास अंगठ्यांचं होतं.

दोष त्याचा नाही. त्याला हात आत ठेवायला मी नीट शिकवलं नव्हतं आणि हात आपटायला तर मनाईच केली होती. देशाचा एक जवान मी सरावाच्या मॅटवर गमावला, शत्रूनं एक बोटही न उचलता.

म्हणून जे कोणी शिकवतात, तालमीत, युनिटमध्ये, रिटायरमेंटनंतर गावाकडं, त्यांना हात जोडून सांगतो. पहिल्या दिवशी पास शिकवू नका. पहिला आठवडा गार्डच्या आत नुसतं बसायला शिकवा: पाठ ताठ, कोपरं आत, हात मॅटवर नाहीत. पुढं पास शिकवताना प्रत्येक पायरीला विचारा, आत्ता तुझा कुठला हात उघडा आहे? आणि सरावात जो वेळेवर हात आपटेल त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्या, कारण तो उद्या परत मॅटवर येणार आहे.

आपले खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीहून ब्राँझ घेऊन आले ते ताकदीवर नाही, डावावर आणि चपळाईवर, असं त्यांची कुस्ती बघितलेले सांगत आले. त्यांच्या गावाकडच्या आपण लोकांनी तरी ताकद म्हणजेच मर्दानी हे सोडून द्यावं.

सुभेदार साहेब, रागावू नका. रजेवर आलो की भेटायला येतो. तुम्ही वर बसा, मी पाठीवर पडतो. फक्त हात आपटायची तयारी ठेवा. मी ओरडणार नाही.

जय हिंद.