माळ्यावरची बेस गिटार : भंगार की ठेवा?

आवडतं जुनं हिंदी गाणं आठवा. त्यातली चाल गुणगुणता येते ना? आता त्याच गाण्यातली बेस गिटार गुणगुणून बघा. अडलात? बेसचं नशीबच असं. ती ऐकू येते असं वाटत नाही, पण काढून टाकली की गाणं पोकळ होतं. कोलकात्यात जन्मलेल्या पंचमदांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ हे वाद्य वाजवायचे. गाणी सगळ्यांना पाठ आहेत, हे नाव मात्र थोड्यांनाच.

साठ-सत्तरच्या दशकात आमच्या कोलकात्यातल्या पार्क स्ट्रीटवर ट्रिंकाज, मोकॅम्बो, ब्लू फॉक्समध्ये रोज संध्याकाळी बँड वाजायचे. १९७५ च्या सुमारास 'मोहिनेर घोडागुली' हा बंगाली बँडही इथेच उभा राहिला. तेव्हा आयातीवर कडक बंधनं होती. परदेशी गिटार हाती लागणं म्हणजे मोठीच गोष्ट! आता जुनी घरं पाडली जातात आणि माळ्यावरचं सामान 'बिक्रीवाला', म्हणजे आपला भंगारवाला, घेऊन जातो. त्यात एखादी चार तारांची गिटार दिसली, तर जरा थांबा.

किंमत कशामुळे?

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणली. त्याआधी माणसाएवढा उंच डबल बेस उचलून न्यावा लागे. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसला विकली गेली. त्याआधीच्या अस्सल फेंडर बेसला आज लाखो रुपये मोजणारे संग्राहक आहेत.

पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे ३० पौंडांना घेतलेली हॉफनर बेस १९७२ मध्ये चोरीला गेली. ती सापडली इंग्लंडमधल्या एका घराच्या माळ्यावर! २०२४ मध्ये ती परत मिळाल्याचं जाहीर झालं.

तुमच्याकडे असेल तर

• नवा रंग किंवा पॉलिश करू नका. मूळ रंग गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत बरीच उतरते.
• जुन्या खुंट्या, पिकअप, स्क्रू, पेटी, पावती काहीही टाकू नका.
• फक्त नावावर विसंबू नका, नकला पुष्कळ आहेत. सिरियल नंबर बघा. आतल्या आवाजाच्या बटणांवरच्या आकड्यांवरूनही बनावटीचं साल कळू शकतं, पण खोलायचं काम जाणकारालाच करू द्या.
• दमट हवेत लाकूड वाकतं, धातू गंजतो. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवू नका.
• विकण्याआधी निदान दोघांना दाखवा. कोलकात्यात लालबाजारजवळ रवींद्र सरणीवर वाद्यांची दुकानं ओळीने आहेत.

एक खरं सांगायला हवं. प्रत्येक जुनी गिटार लाखाची नसते. त्या काळातल्या बऱ्याचशा देशी गिटारींना बाजारात फारसा भाव येत नाही. तरी तारा बदलून, मान सरळ करून घेतली, तर घरातलं मूल त्यावर शिकू शकतं.

आणि भाव काढण्याआधी घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न जरूर विचारा : "ही कोण वाजवायचं?" गिटारीचं साल आकड्यांवरून शोधता येईल. वाजवणाऱ्याचं नाव मात्र फक्त तेच सांगू शकतात. ते एका कागदावर लिहून गिटारीच्या पेटीत ठेवा.