हरतालिकेचा उपास आणि डायबेटिसची गोळी

हरतालिका किंवा वटपौर्णिमा जवळ आली की "डॉक्टर, उपास करू का?" असं विचारणाऱ्या बायका थोड्याच. बहुतेकजणी विचारतच नाहीत. डॉक्टर नाही म्हणणार, मग विचारायचं कशाला, असा साधा हिशेब असतो. त्या दिवशी काहीजणी सगळ्या गोळ्या बंद ठेवतात, तर काहीजणी रिकाम्या पोटी नेहमीची गोळी घेतात. मला उपासापेक्षा या न विचारण्याचीच काळजी जास्त वाटते.

निरोगी बाईने एक दिवस फळं, दूध, पाणी घेऊन उपास केला तर बिघडत नाही. प्रश्न आहे डायबेटिस, ब्लडप्रेशर, किडनीचा विकार असणाऱ्यांचा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. तुम्ही जेवलात की नाही हे तिला कळत नाही. दिवसभर कडकडीत उपास, रात्री जागरण आणि मधल्या वेळात दुसऱ्या दिवशीच्या गणपतीची सगळी तयारी. साखर ७० च्या खाली जायला एवढं पुरतं. घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, बोलण्यात गोंधळ होतो. घरच्यांना वाटतं, उपासाने थकली आहे, पडू दे जरा. इथेच घात होतो. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता थेट हॉस्पिटल गाठा.

डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, सोबत पाणीही जातं. निर्जळी उपासात त्या चालू ठेवल्या तर रक्तात आम्ल साचू शकतं, आणि तेही मीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नसताना. म्हणून त्या आधीच थांबवाव्या लागतात. इन्सुलिन मात्र मनाने पूर्ण बंद करायचं नाही.

साबुदाण्याबद्दलही एक सांगतो. तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. दोन वाट्या खिचडी खाल्ली की साखर खाली नाही, वर जाते. आणि सैंधव हेही मीठच आहे, बरं का!

"गोळीबरोबर पाणी प्यायले तर उपास मोडेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगणारं एक जुनं संस्कृत वचन आहे. त्यात पाणी आहे, कंदमुळं, फळं, दूध आहे आणि औषधही आहे. म्हणजे शास्त्राने दिलेली सवलत आपणच काढून घेतली आहे.

आता थोडं नवरेमंडळींना. ज्यांच्या आयुष्यासाठी बायको दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाही, त्यांच्यापैकी किती जणांना तिच्या गोळ्यांची नावं सांगता येतील? माझ्या मते या व्रतात नवऱ्याकडेही एक काम असावं. आठवडाभर आधी बायकोला घेऊन, औषधांच्या चिठ्ठीसकट डॉक्टरांकडे जायचं. गोळ्यांच्या वेळा बदलता येतात, मात्रा कमी करता येते. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या आणि किडनीचा विकार असणाऱ्या बायकांना निर्जळी उपासाला मी नाहीच म्हणतो. त्यांनी पूजा करावी, कहाणी ऐकावी, आणि वेळेवर खाऊन गोळी घ्यावी.