कलिंगडाचे कमळ कोणी कापले?

चैत्र लागला की पुण्यातल्या घराघरांत गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवांची रांग लागते. गौरीपुढे आरास हवीच. कलिंगडाचे कमळ, खरबुजाची टोपली, द्राक्षांचे घोस, शेजारी कैरीची डाळ, पन्हे आणि भिजवलेले हरभरे. हल्ली फ्लॅटांतून त्यात चीजही आले आहे. चौकोनी तुकडा, अननसाची फोड आणि चेरी काडीला टोचायची, अशा पन्नास काड्या पपईत खोचायच्या, की झाले साळिंदर! पाहुण्या म्हणतात, "अगंबाई, कित्ती सुरेख!"

माझे भांडण सुरेखपणाशी नाही. कमळ मलाही आवडते. पण त्यामागची मेहनत एकदा मोजून बघा. डाळ भिजत घाला, भरड वाटा. कैऱ्या उकडा, गर काढा. कलिंगडाची कड नागमोडी कापताना एक पाकळी तुटली की सगळे फुकट. फळे आदल्या रात्री कापून ठेवता येत नाहीत, पाणी सुटते, रंग जातो. म्हणजे हे सारे ऐन उन्हाच्या दुपारी, शेवटच्या दोन तासांत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरातले बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा दिवसाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे निघाला, पुरुषांचा ९७. आणि हे ९७ सुद्धा जे पुरुष काही काम करतात त्यांचेच. असे पुरुष शंभरात सव्वीस.

यावर ठरलेले उत्तर येते: "तिला हौस आहे." असेल. पण हौस म्हणजे करावेसे वाटले तर करणे आणि नको वाटले तर सोडून देणे. गौरीपुढे नुसती केळी ठेवून हळदीकुंकू उरकणाऱ्या सुनेबद्दल जिना उतरताना काय बोलले जाते, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. (बोलणाऱ्यांत आपणही असतो, हे कबूल करू या.)

आता खरी गोष्ट. आमच्या नात्यात कमळ कापणारा सगळ्यांत तरबेज हात माझ्या एका आत्याचा. गेल्या चैत्रात दुपारी बारापासून ती ओट्याशी उभी होती. पाच वाजता बायका यायला लागल्या आणि आत्या हात पुसून आतल्या खोलीत जाऊन बसली. तिला कोणी "जा" म्हटले नाही. म्हणावे लागतच नाही. काका गेल्याला नऊ वर्षे झाली आहेत. तिच्या हातचे कमळ देवीला चालते, तिच्या हातचे कुंकू सवाष्णींना चालत नाही. मी, समाजकार्यात एम. ए. केलेली, वस्तीतल्या बायकांना हक्क समजावून सांगणारी, त्या दिवशी बाहेर बसून पन्हे प्यायले.

याच पुण्यात १८५२ साली सावित्रीबाई फुल्यांनी संक्रांतीच्या तिळगुळाला सर्व जातींच्या स्त्रियांना बोलावून एकाच जाजमावर बसवले होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ४ मे २०२२ रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितले. पुण्याच्या सोसायट्यांना ग्रामपंचायत नाही. इथे ठराव करायचा तर तो आपल्या दिवाणखान्यातच करावा लागेल.

काहीजणी म्हणतील, हळदीकुंकूच बंद करा. मला ते पटत नाही. ज्या बाईला एरवी घराबाहेर पडायला कारण लागते, तिची ती एक संध्याकाळ आहे. ती काढून घेऊन तिला काय देणार?

यंदा मी आत्याला आधीच सांगितले आहे: कमळ मला शिकव, आणि पहिले कुंकू तू लाव. ती म्हणाली, "वहिनी काय म्हणतील?" वहिनी म्हणजे माझी आई. तिच्याशी अजून बोलायचे आहे.