निघणाऱ्याला 'कुठे' विचारावंच

आजी म्हणायची, घराबाहेर निघालेल्याला 'कुठे?' म्हणून विचारू नये, काम होत नाही. विंडोजची फायरवॉल बहुधा आजीच्याच तालमीतली. येणाऱ्याला उंबऱ्यावर अडवते, जाणाऱ्याला काही विचारत नाही. मूळ सेटिंगच तसं.

मागे दोन मशीन्सना आपापसात बोलायला मी स्वतःचाच एक छोटा प्रोटोकॉल लिहिला होता. टीसीपीवर, पोर्ट ६२००. सर्व्हरवर 'आत येण्याचा' नियम केला, तरी कनेक्शन होईना. वैतागून फायरवॉलच बंद केली, म्हटलं उद्या लावू. तो उद्या तीन आठवड्यांनी उगवला! काही बिघडलं नाही, पण ते माझं कर्तृत्व नव्हे.

चूक साधी होती. समोरच्याचा पोर्टही मी ६२०० च घातला होता. ६२०० फक्त ऐकणाऱ्याचा. हाक मारणारं मशीन आपल्या बाजूला दर वेळी वेगळाच पोर्ट घेतं.

आता सर्व्हरवर त्या एकाच आयपीला, ६२०० पुरता प्रवेश. आणि दोन्हीकडे बाहेर जाणंही मूळात बंद, क्लायंटला फक्त सर्व्हरपर्यंत मुभा. उत्तरासाठी वेगळा नियम लागत नाही, सुरू झालेलं संभाषण फायरवॉल लक्षात ठेवते.

मित्र म्हणतात, बाहेरचं कशाला अडवायचं? अहो, जानेवारी २००३ चा स्लॅमर आठवा. ३७६ बाइटांचा जीव, पण लागण झालेली मशीन्स यूडीपी १४३४ वर बाहेर असा मारा करत सुटली की नेटवर्क्स गुदमरली. डेटाबेसच्या सर्व्हरला अनोळखी पत्त्यांकडे जायचं कामच काय?

पहिल्या दिवशी माझे डीएनएस आणि अपडेट्सही अडले, हे कबूल. घरच्यांची बोलणी खात तेही नियम एकेक करून लिहिले.