अंथरूण पाहून चाक पसरावं

कारखान्यातून निघालेल्या मारुती स्विफ्टच्या पोटाखाली 163 मिलिमीटर मोकळी जागा असते. हौशी मालकाला ती फार वाटते. चाकं किरकोळ, वर मडगार्डच्या कमानीत मूठभर पोकळी. आखूड झालेल्या पायजम्यातून घोटे दिसावेत तशी गाडी त्याच्या डोळ्यांना दिसते. मग गॅरेजमध्ये ती साठेक मिलिमीटर खाली उतरते, पंधरा इंची चाकांच्या जागी सतरा इंची रुंद अलॉय येतात आणि मित्रमंडळी म्हणतात, ‘आता गाडी बसली!’

या हौसेला नाकं मुरडण्याचं कारण नाही. खाली बसलेली गाडी वळणावर कमी झुकते, रुंद टायर कोरड्या डांबरावर पकड वाढवतो. शर्यतीच्या गाड्या काही शोभेसाठी बुटक्या नसतात. बिघडतो तो हिशेब.

टायरवर छापलेल्या आकड्यांपासून सुरुवात करू. स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला 185/65 आर 15 टायर येतो. त्याचा एकूण व्यास साधारण 621 मिलिमीटर. त्याजागी 205/45 आर 17 घातला तर व्यास 616. फरक एक टक्क्याहून कमी, स्पीडोमीटरची तक्रार नाही. बहुतेकांची आकडेमोड इथेच आटोपते. पण रिम आणि रस्ता यांच्यामधली रबराची भिंत 120 मिलिमीटरवरून 92 वर आली, हे कुणी बोलत नाही. गेलेल्या त्या 28 मिलिमीटरमध्येच खड्ड्याचा दणका जिरत होता. आता तो रिमला बसतो. रिम वाकते, नाहीतर टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर फेकूनच द्यावा लागतो.

खरी गोम ऑफसेटमध्ये आहे. चाक गाडीला ज्या जागी बोल्टने आवळलं जातं ती जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली आहे, ते माप म्हणजे ऑफसेट. समजा, साडेपाच इंच रुंद रिम काढून साडेसात इंच रुंद बसवली. दोन इंच वाढले, म्हणजे आत 25 आणि बाहेर 25 मिलिमीटर. त्यात नव्या रिमचा ऑफसेट 45 ऐवजी 35 निघाला तर अख्खं चाक आणखी 10 मिलिमीटर बाहेर सरकतं. बाहेरची कड आता 35 मिलिमीटर पुढे, आतली 15 मिलिमीटरने शॉकअबच्या जवळ. दुकानदार सांगतो, ‘चार बोल्ट, शंभरचा पीसीडी, फिट बसेल.’ पीसीडी म्हणजे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास; तो जुळला की बोल्ट बसतातच. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात, आणि इथलं अंथरूण म्हणजे मडगार्ड.

उभ्या, रिकाम्या गाडीत हे सगळं झाकून राहतं. पाच जणांना घेऊन सिंहगडाचा घाट चढताना, स्टीअरिंग पुरतं वळलेलं असताना चाक खड्ड्यातून उसळलं की टायर प्लॅस्टिकच्या लायनरला खरवडू लागतो. मग डागडुजी सुरू. कुणी मडगार्डची आतली कड ठोकून दुमडतं, कुणी आतल्या बाजूला घासतंय म्हणून स्पेसर घालतं आणि बाहेरची पंचाईत वाढवून ठेवतं. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे ग्राइंडरने कॉइल स्प्रिंगचे वेढे कापणं. स्प्रिंग आखूड होते तशी कडकही होते, आणि चाक हवेत लोंबकळलं की आपल्या बैठकीतून सुटू शकते. दोन पैसे वाचवायला हे करणाऱ्या कारागिराच्या हाती गाडीच देऊ नये.

रस्त्यांनाही दोष द्यायला हवा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच असला तरी 3.7 मीटर रुंद असतो. स्विफ्टच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2.45 मीटर अंतर; म्हणजे चारही चाकं एकदम त्या उंचवट्यावर मावतात आणि पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटरचा फुगवटा येतो. साठ मिलिमीटर उतरवलेली गाडीही तो आरामात ओलांडेल. पण गल्लीतला गतिरोधक हातभर रुंदीचा असतो. तो चाकांच्या मधोमध येतो आणि थेट इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरला भिडतो.

कायद्याचं काय? जपानमध्ये, जिथे बुटक्या गाड्यांचं वेड जुनं आहे, जमिनीपासून किमान 9 सेंटिमीटर अंतर लागतं आणि ठरावीक मुदतीने होणाऱ्या सक्तीच्या तपासणीत ते मोजलं जातं. जर्मनीत रिमसोबत तांत्रिक अहवाल मिळतो, बसवल्यावर तपासनीस पाहतो आणि बदलाची अधिकृत नोंद होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

धोकादायक गाड्या पाहता हा कडकपणा समजू शकतो. पण मिलिमीटर मोजून, चांगले स्प्रिंग घालून काम करणारा आणि ग्राइंडर चालवणारा, दोघंही त्यात एकाच रांगेत उभे राहतात. आरटीओत पैसे भरून असं काम तपासून घेण्याची आणि त्यावर शिक्का मिळण्याची सोय परिवहन खात्याने करायला हवी. तोपर्यंत मालकाने त्याच मॉडेलला कंपनीने दिलेल्या मोठ्यात मोठ्या मापावर थांबावं. आणि पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात पैसे मोजण्याआधी मागच्या सीटवर तीन धडधाकट मित्र बसवून, स्टीअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून टायर आणि मडगार्ड यांच्यात किती जागा उरते ते टेपने मोजून घ्यावं.